शंभरी ओलांडलेल्या तिघांचा सत्कार करायचा आहे. कसा करावा?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीत दोनशेच्या वर घरं आहेत. गेल्या महिन्यात रहिवाशांची यादी नव्याने केली तेव्हा लक्षात आलं, की आपल्यात तीन जण शंभरी पार केलेले आहेत. दोन आजी आणि एक आजोबा. एक आजी १०२ वर्षांच्या. दुसऱ्या घरच्यांच्या हिशेबाने १०४. आजोबांची शंभर वर्षं नुकतीच भरली. एकाच आवारात तिघं! बैठकीत सत्काराचा विषय निघाला आणि एकाही सदस्याने फाटा फोडला नाही. जबाबदारी माझ्याकडे आली.

ठरलं ते असं: सभागृहात संध्याकाळी ६ वाजता कार्यक्रम, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, प्रत्येकाला मानपत्र, मुलांची गाणी आणि शेवटी तिघांची मनोगतं. दोन तासांत आटपेल.

हे सांगायला मी १०२ वर्षांच्या आजींकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तिथे पाठ टेकायला असेल ना गं?"

आमच्या आराखड्यात पाहुण्यांच्या गाडीची सोय होती, ध्वनिक्षेपकाची होती, छायाचित्रकाराची होती. आजींच्या पाठीची नव्हती. तेव्हापासून चैन नाही. तुमच्यापैकी कोणी असा सत्कार केला असेल, पाहिला असेल, घरच्या कोणाचा झाला असेल तर मोकळेपणाने सांगा. काय करावं, काय टाळावं?

अक्षरवेडा

आधी तिघांनाही साष्टांग नमस्कार.

शंभरीचा सत्कार म्हटलं की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १८ एप्रिल १८५८ चा जन्म. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि शंभराव्या वाढदिवसाला, १८ एप्रिल १९५८ रोजी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्यानंतरही ते चार वर्षं होते, ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले. पण त्यांचा मान वयाचा नव्हता, कामाचा होता. शंभरी हे त्या कामाची आठवण काढायचं निमित्त झालं. तुमच्या तिघांच्या मानपत्रातही 'आपण शंभर वर्षे जगलात' यापुढे काहीतरी असू द्या. त्यांनी हात कशाला लावला होता, ते लिहा.

पिंपळपान

माझ्या आजीचा असा सत्कार झाला होता. कुठे आणि कोणी केला ते लिहीत नाही, करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आजी तेव्हा १०१ ची. पाचला बोलावलं होतं, पाहुणे सव्वासातला आले. तोवर आजी पहिल्या रांगेत बसून. व्यासपीठाला चार पायऱ्या, कठडा नाही. दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. माझी आजी आयुष्यभर स्वतःच्या पायांवर चाललेली बाई. खुर्चीसकट वर जाताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते मला अजून दिसतं.

मग भाषणं. 'आजींच्या दीर्घायुष्याचं रहस्य' यावर चौघे बोलले. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तिला मध्येच उठायचं होतं, लघवीला. तीनशे लोकांसमोर ते सांगणार कसं? ती तशीच बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "चांगली माणसं होती, पण मला परत नको गं नेऊस."

कोरीपाटी, तुमच्या आजींनी पाठीचं आधीच विचारलं, हे फार बरं झालं.

मोरपीस

पिंपळपान, वाचून गलबललं.

रातपाळी

मी २२ वर्षं परिचारिका आहे, त्यातली शेवटची १० वृद्धांच्या शुश्रूषेत. काही गोष्टी कामाच्या म्हणून लिहिते.

वेळ सकाळची ठेवा. दहा-साडेदहा उत्तम. या वयात दिवसाची शक्ती दुपारपर्यंत संपत येते. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांचा गोंधळ तर बहुधा संध्याकाळीच वाढतो. सहाचा कार्यक्रम म्हणजे त्यांच्यासाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

ऐकण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. म्हातारपणी आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं त्यातच येतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. आपण ओरडलो की आवाज आणखी वर चढतो आणि जे थोडं कळत होतं तेही जातं. लहान मुलांचं गाणं ऐकताना आजी नुसत्या हसतात, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. समोर बसावं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावं, उजेड आपल्या तोंडावर असावा आणि खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं. घुमणाऱ्या सभागृहात ध्वनिक्षेपक लावला की श्रवणयंत्र असलेल्यालाही नुसता कल्लोळ ऐकू येतो.

खुर्चीला हात हवेत, म्हणजे त्यांच्या आधाराने उठता येतं. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. स्वच्छतागृह जवळ हवं आणि 'मध्येच उठलं तरी चालेल' हे त्यांना आधी सांगून ठेवायला हवं. सर्दी-खोकला असलेल्यांनी त्या दिवशी लांबूनच नमस्कार करावा. आपल्याला दोन दिवस शिंका आणणारं पडसं त्यांना थेट रुग्णालयात नेऊ शकतं. एकूण वेळ अर्धा तास, फार तर पाऊण. त्यापुढे जे होतं ते आपल्यासाठी असतं.

मधलीसुट्टी

रातपाळी यांचं सगळं मान्य. तरी थोडा वेगळा सूर लावतो.

माझ्या आईची मोठी आत्या १०० ची झाली तेव्हा आम्ही घरचे असंच म्हणत होतो: तिला त्रास नको, गर्दी नको, घरीच बरं. ती सहा वर्षं घराबाहेर पडली नव्हती. शेवटी तिच्या जुन्या शाळेच्या मुली, म्हणजे आता सत्तरीच्या बायका, हट्टाने तिला घेऊन गेल्या. ती शिक्षिका होती. साठ-सत्तर जणी जमल्या होत्या. आत्या गप्प बसून होती. एकीने पाढे म्हणायला सुरुवात केली आणि सतराच्या पाढ्यात चुकली. आत्याने खुर्चीतूनच टोकलं, "एकशे छत्तीस!" आणि सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. पुढचा तासभर ती बोलत होती. आम्ही तिला सहा वर्षांत इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

'त्रास नको' म्हणत आपण त्यांना अलगद अडगळीत टाकतो, असंही होतं. समारंभ वाईट नसतो. तिथे त्यांना ओळखणारी माणसं आहेत का, हे बघावं.

पिंपळपान

मधलीसुट्टी, अगदी खरं. आमच्या समारंभात आजीला नावाने ओळखणारं घरच्यांखेरीज कोणी नव्हतं. फरक तिथेच पडला असणार.

गणितीजीव

सतरा आठे एकशे छत्तीस. आत्याबाईंना माझा दंडवत.

एक रुक्ष वाटेल असा मुद्दा मांडतो, पण तो गंभीर आहे. वय नक्की आहे ना, ते आधी पाहा. 'घरच्यांच्या हिशेबाने १०४' असं तुम्ही लिहिलंय. ज्या काळात जन्माची नोंद सक्तीची नव्हती त्या काळातली वयं अंदाजाची असतात. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदाच १९६९ चा. शिवाय माणसं वय सांगताना शून्य किंवा पाचावर संपणारा आकडा धरतात. जनगणनांत हा फुगवटा इतका ठळक दिसतो, की तो मोजायला व्हिपल निर्देशांक नावाचं वेगळं मापच आहे.

जपानसारख्या काटेकोर देशातही २०१० मध्ये काय झालं पाहा. टोकियोत सगळ्यात वयस्कर पुरुष म्हणून नोंद असलेल्या १११ वर्षांच्या आजोबांना भेटायला अधिकारी गेले. ते सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारले होते आणि त्यांचा देह घरातच होता. मग देशभर शोध झाला. कुटुंबांच्या नोंदवह्यांत जिवंत दिसणारे, पण ठावठिकाणा नसलेले शंभरीपारचे २ लाख ३४ हजारांहून जास्त निघाले.

सॉल न्यूमन या संशोधकाला २०२४ मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं ते याच विषयावर. अमेरिकेतल्या राज्यांत जन्मदाखले सुरू झाले तसे ११० वर्षांपुढच्या माणसांच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या, हे त्यांचं निरीक्षण. माणसं दाखल्यांमुळे लवकर मरायला लागली नाहीत, आधीच्या नोंदी चुकीच्या होत्या.

सांजवेळ

गणितीजीव, माहिती उत्तम, पण हे वाचून मला राग आला. खोटं बोलू कशाला? १०४ वर्षांच्या बाईच्या दारात जाऊन 'तुमचा दाखला दाखवा' म्हणायचं? वसाहतीचा सत्कार आहे, निवृत्तिवेतनाची चौकशी नव्हे. त्या १०४ ऐवजी १०१ निघाल्या तर नमस्कार कमी वाकून करायचा?

गणितीजीव

तसा अर्थ निघाला असेल तर माझे शब्द चुकले. नमस्कारासाठी दाखला मुळीच नको. मानपत्रात आकडा छापणार असाल, वर्तमानपत्राला बातमी देणार असाल, तरच तो तपासलेला असावा. कारण उद्या कोणी शंका काढली तर मान खाली घालावी लागेल ती त्या आजींनाच. दाखला न मागताही अंदाज घेता येतो. पहिलं मूल झालं तेव्हा वय किती, त्या मुलाची शाळेतली जन्मतारीख कोणती, भावंडांत कितव्या. गप्पांच्या ओघात निघतं हे सगळं, आणि त्या गप्पा त्यांनाही आवडतात.

फौजा सिंग यांचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये टोरंटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तासांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण केली. पारपत्रावर जन्मतारीख १ एप्रिल १९११, म्हणजे वय १००. पण जन्मदाखला नव्हता म्हणून गिनेसने विक्रम नोंदवला नाही. ४२ किलोमीटर धावलेले पाय सगळ्या जगाने पाहिले होते, आणि त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही.

सांजवेळ

हे पटलं. राग मागे घेते.

दर्यावर्दी

देशोदेशी काय करतात ते थोडं लिहितो, कल्पना सुचायला मदत होईल.

ब्रिटनमध्ये १९१७ साली पाचव्या जॉर्जने शंभरी गाठणाऱ्यांना तार पाठवायला सुरुवात केली. आता शुभेच्छापत्र येतं: शंभराव्या वाढदिवसाला, १०५ व्या आणि त्यापुढे दर वर्षी. राजमाता एलिझाबेथ २००० साली शंभर वर्षांच्या झाल्या, तेव्हा त्यांनाही नियमाप्रमाणे पत्र आलं. पाठवणारी त्यांचीच लेक! त्यांच्या अधिकाऱ्याने ते पाकीट तलवारीने उघडून दिलं होतं.

आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्षांचं पत्र आणि २,५४० युरो मिळतात. १०१ पासून दर वाढदिवसाला एक स्मृतिनाणं. जपानमध्ये १९६३ पासून त्या वर्षी शंभरी पूर्ण करणाऱ्यांना चांदीचा प्याला देतात. त्या वर्षी देशात शंभरीपारचे १५३ जण होते. २०२४ मध्ये ९५,११९ झाले. इतक्या जणांना शुद्ध चांदी परवडेना, म्हणून २०१६ पासून प्याल्याला फक्त चांदीचा मुलामा असतो. या ९५ हजारांत सुमारे ८८ टक्के बायका आहेत.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के जादा मिळतात, मग ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० पूर्ण झाल्यावर पूर्ण १०० टक्के, म्हणजे दुप्पट. मला यातली ही पद्धत सगळ्यात आवडते. या वयात खर्च वाढतो तो औषधांचा आणि सोबतीच्या माणसाचा, आणि नियम करणाऱ्याने तो ओळखला.

खोडरबर

दर्यावर्दींच्या जपानवरून आठवलं. तिथे किन आणि गिन या जुळ्या बहिणी होत्या, १८९२ चा जन्म. शंभरीत त्या दूरचित्रवाणीवर इतक्या गाजल्या की जाहिरातींचे पैसे मिळायला लागले. या पैशांचं काय करणार असं विचारल्यावर म्हणाल्या, म्हातारपणासाठी साठवून ठेवू! किन १०७ वर्षं जगल्या, गिन १०८.

आणि फ्रान्सच्या जान काल्माँ, १२२ वर्षं १६४ दिवस. त्या नव्वदीच्या असताना एका वकिलाने करार केला: मी तुम्हाला मरेपर्यंत दरमहा पैसे देईन, तुमच्यानंतर घर माझं. तीस वर्षं पैसे भरून वकीलसाहेब ७७ व्या वर्षी आधी गेले, आणि पुढचे हप्ते त्यांच्या बायकोने भरले.

मोरपीस

म्हातारपणासाठी साठवून ठेवू!! आता आईला फोन करून सांगते.

वळणवाट

धागा सुरुवातीपासून वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं.

माझे वडील १०१ चे आहेत. ताठ आहेत, वाचतात, स्वतःची दाढी स्वतः करतात. मागच्या वर्षी त्यांच्या सत्काराची बोलणी घेऊन लोक आले, तेव्हा त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. मला वाटलं विनय असेल. रात्री त्यांच्याजवळ बसलो तेव्हा म्हणाले, "माझा धाकटा भाऊ गेला, बायको गेली, तुझी ताई गेली. मी राहिलो यात माझं काय कर्तृत्व? टाळ्या कशाबद्दल घ्यायच्या?"

ताई माझी मोठी बहीण. ती ७१ व्या वर्षी गेली. बाबांनी तिला जन्मताना पाहिलं आणि जातानाही. शंभरी ओलांडणाऱ्या बहुतेकांच्या पदरी हे येतंच, पोटचं मूल आपल्याआधी जाणं. 'आणखी पंचवीस वर्षं जगा' असं आपण हसत म्हणतो. ते ऐकताना बाबांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. कोरीपाटी, तिघांपैकी कोणी नाही म्हणालं तर कृपा करून आग्रह धरू नका. आणि गेलेल्या माणसांची नावं टाळूही नका. बाबांना ताईचं नाव घेतलेलं आवडतं. लोकच घेत नाहीत.

अक्षरवेडा

वळणवाट, मघाशी मी 'काम लिहा' असं सहज लिहून गेलो. तुमच्या बाबांचं वाक्य वाचून कळतंय, की त्यांच्या मनात उमटणारा प्रश्न तोच आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि ताईंनाही.

सुईदोरा

एक माणूस या सगळ्या चर्चेत अजून आलेलंच नाही.

१०४ वर्षांच्या आजींचं रोजचं कोण करतं? मुलगा असेल तर तो ८० चा, सून ७५ ची. म्हणजे जिला स्वतःला कोणीतरी 'जरा बस' म्हणायला हवं, ती रात्री दोनदा उठून सासूला कुशीवर वळवते. मी हे १४ वर्षं केलं, सासूबाई ९८ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या पंच्याण्णवीला घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून त्यांना हार घातले, ते योग्यच होतं. मी आतल्या खोलीत त्यांचे कपडे बदलायची तयारी करत होते. एका वृद्ध गृहस्थांनी जाताना मला हाक मारली आणि म्हणाले, "वहिनी, आजी दिसतायत छान, म्हणजे तुमचे हात चांगले आहेत." एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चौदा वर्षांत ते एकच वाक्य मिळालं.

मानपत्रात एक ओळ त्यांच्यासाठी लिहा. नावासकट.

रातपाळी

सुईदोरा, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडून शंभर अनुमोदनं. माझ्या कामातला अनुभव सांगते: अंथरुणाला खिळूनही पाठीला एकही जखम नसलेलं शंभरीचं माणूस दिसलं, की मागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची झोपमोड असते. दर दोन तासांनी कूस बदलणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक.

मधलीसुट्टी

दीर्घायुष्याच्या 'रहस्या'वर पिंपळपान यांच्याकडे चौघांनी भाषण केलं, त्यावरून विचारतो. त्यात खरंच काही तथ्य असतं का? आमच्या आत्याला प्रत्येक जण विचारायचा, ती दर वेळी वेगळं उत्तर द्यायची.

रातपाळी

आनुवंशिकतेचा वाटा त्या वयात मोठा असतो, एवढं खरं. अमेरिकेत १९९५ पासून न्यू इंग्लंड भागातल्या शतायुषींचा अभ्यास चालू आहे. त्यात त्यांचे तीन गट दिसले. काहींना ८० च्या आधीच मोठे आजार झाले, पण ते त्यातून तरले. काहींचे आजार ८० नंतरवर ढकलले गेले. काहींना शंभरीपर्यंत त्यातला एकही आजार झाला नाही. म्हणजे तीन निरनिराळ्या वाटांनी माणसं तिथवर पोचतात, एकच गुरुकिल्ली नाही. कार्यक्रमात 'रहस्य काय' हा प्रश्न गाळा, असं माझं आग्रहाचं सांगणं. त्याऐवजी 'तुमच्या लहानपणी पावसाळ्यात घर गळायचं का?' असं काही विचारा. उत्तर येतं.

कोरीपाटी

सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. सभागृहाचा कार्यक्रम तूर्त थांबवलाय. मी आणि आणखी दोघी तिन्ही घरी स्वतंत्र जाऊन एकच प्रश्न विचारणार आहोत: "तुम्हाला काय आवडेल?" आधी हेच विचारायला हवं होतं. आठवड्याभरात कळवते.

दर्यावर्दी

वाट पाहतोय. नक्की कळवा.

गणितीजीव

एक छोटी गोष्ट राहिली. 'शंभरावं वर्ष लागणं' आणि 'शंभर पूर्ण होणं' यात एका वर्षाचा फरक आहे. ९९ पूर्ण झाली की शंभरावं लागतं. छापताना पाहून घ्या.

कोरीपाटी

कळवायला तीन आठवडे लागले, माफ करा. सगळं सविस्तर सांगते.

१०२ वर्षांच्या आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "फाटकाजवळचा बाक उंच आहे. माझे पाय लोंबकळतात, मग मुंग्या येतात. बसणं सोडून दिलं मी." आम्ही रोज त्या बाकावरून जातो. तीन वर्षं आजी तिथे दिसत नव्हत्या आणि आम्ही समजत होतो की आता त्यांना उतरवत नाही. हारांचे, व्यासपीठाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे त्यात घातले. बुटका, पाठीचा, दोन्ही बाजूंना हात असलेला बाक करून घेतला. सुताराला आजींच्या गुडघ्याखालचं माप दिलं. गेल्या रविवारी सकाळी दहाला आजी उतरून आल्या, बसल्या, पाय टेकवून पाहिले. मुलं भोवती जमली. प्रत्येकाने आपलं नाव खालच्या पट्टीत, सावकाश सांगितलं (रातपाळी, मुलांकडून हे दोन दिवस घोटून घेतलं होतं). पंचवीस मिनिटांनी आजी म्हणाल्या, "आता जाते." कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली आल्या, कोणी न बोलावता.

दुसऱ्या आजींना स्मृतिभ्रंश आहे. वयाची तारीख नक्की करता आली नाही. थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून शंभरीपार आहेत एवढं निश्चित, म्हणून आकडा कुठेच लिहिला नाही. त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. त्यांच्या सूनबाई ७६ वर्षांच्या. त्यांना विचारलं, तुम्ही सांगा, आजींना काय आवडेल? त्या गप्प झाल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्यांचं माहीत नाही. मला एक दुपार सलग झोपायला मिळेल का?"

सुईदोरा, तेव्हा तुमची फार आठवण झाली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आमच्यातल्या दोघी आजींजवळ बसतात. वसाहतीत राहणाऱ्या एका परिचारिकेने आम्हाला कूस कशी बदलायची ते शिकवलं. अकरा नावं आलीयत, त्यात चार पुरुष. पहिल्या मंगळवारी सूनबाई पावणेतीन तास झोपल्या आणि उठल्यावर घाबरून पळत आल्या.

सुईदोरा

काय लिहू. त्या अकरा जणांना माझा नमस्कार पोचवा.

वळणवाट

आणि आजोबा?

कोरीपाटी

आजोबांचं मुद्दाम शेवटी ठेवलं. ते छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे, चाळीस वर्षं. मग मुद्रितं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासायचे. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, विचारल्यावर कळलं. सत्कार हवा का विचारलं तर म्हणाले, "करा. पण मानपत्र छापणार असाल तर मुद्रित मला दाखवल्याशिवाय नाही."

मसुदा नेऊन दिला. मोठ्या अक्षरात, भिंगाखाली धरून त्यांनी दोन दिवस घेतले. लाल शाईच्या खुणांसह परत आला. 'आशिर्वाद' मधला शि दीर्घ केला होता. 'शंभराव्या वर्षात पदार्पण' खोडून 'शंभर वर्षे पूर्ण' केलं होतं (गणितीजीव, तुम्ही लिहूनही आमच्या नजरेतून सुटलंच). दोन स्वल्पविराम काढले होते. 'समाजभूषण' या शब्दाभोवती गोल काढून समासात लिहिलं होतं, 'हे कोण?'

आणि अगदी खाली, जिथे आम्ही 'शतायुषी' म्हणून त्यांचं एकट्याचं नाव घातलं होतं, तिथे त्याच लाल शाईत पत्नीचं नाव लिहिलं होतं. त्या जाऊन १९ वर्षं झाली.

सगळ्या दुरुस्त्या करून नवीन प्रत छापली. रविवारी बाकाचा कार्यक्रम झाल्यावर त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "आणि ती खुणांची प्रत?" ती माझ्या पिशवीत होती. तीच चौकटीत बसवून भिंतीवर लावायची, असं त्यांनी सांगितलं. छापलेली कपाटात ठेवली.

अक्षरवेडा

'आशीर्वाद'. मीही आयुष्यभर चुकीचा लिहीत आलो. आजोबांना सांगा, आज दुरुस्त केला.

वळणवाट

बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. पत्नीच्या नावापाशी त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "त्या गृहस्थांना फोन लागतो का विचार."

कोरीपाटी

लागतो. सकाळी दहा ते अकरा. खालच्या पट्टीत, सावकाश. आजोबांना सांगून ठेवते.